पाव वाटण्याआधी वाटी घेऊन जा

नागपूरच्या बेसा भागातल्या नव्या फ्लॅट स्कीममध्ये सहा महिन्यांपूर्वी राहायला आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "वर्षभरापासून मी घरी सॉरडो ब्रेड (बाजारच्या यीस्टशिवाय आंबवलेला) करते. ओळखी व्हाव्यात म्हणून मजल्यावरच्या पाचही घरांत एकेक आख्खा ब्रेड नेऊन दिला. सगळ्यांनी 'छान' म्हटलं, पण पुढे कोणी काही बोललं नाही. एका दारातल्या कचऱ्याच्या डब्यात अर्धा ब्रेड दिसला, फार वाईट वाटलं. समोरच्या काकांना शुगर आहे, त्यांना मी 'हा तुम्हाला चालतो' असं सांगितलं. ते बरोबर होतं का? आणि अशा वाटण्याने खरंच माणसं जोडली जातात का?"

ताई, प्रश्न तुम्ही ब्रेडचा विचारलात, पण अडलंय ते देण्याघेण्याचं. काकांच्या शुगरचा मुद्दा त्याहून वेगळा आहे आणि जास्त महत्त्वाचाही. त्याच्याकडे येतेच, पण आधी कचऱ्याच्या डब्याबद्दल बोलू.

मी प्रतापनगरात राहते. अकरा-बारा वर्षं झाली, घरी हा आंबवलेला ब्रेड भाजते. पहिली सहा वर्षं नुसता वाटत होते, आता शनिवारी मोजून बारा नग विकतेही. आजवर किती वाटले याचा हिशोब ठेवला नाही, पण जे फेकलेले दिसले ते सगळे लक्षात आहेत. पहिल्याच वर्षी समोरच्या काकूंना मोठ्या हौसेने एक नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्यांनी फाटकाशी आलेल्या गाईला घातला. गाईनेही अर्धाच खाल्ला. तेव्हा आठवडाभर मी काकूंशी धड बोलले नव्हते. आज कळतं की चूक काकूंची नव्हती आणि गाईची तर नव्हतीच.

काकूंच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कालपर्यंत जिचं नाव माहीत नव्हतं ती बाई दारात येते आणि कागदी पिशवीतला तपकिरी, टणक, किलोभराचा गोळा हातात देते. तो कशाशी खायचा ते माहीत नाही. घरात दोन माणसं आणि एवढा मोठा ऐवज. वर मनात हिशोब सुरू होतो: आता परतफेड काय करायची? आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चमचाभर साखर तरी त्यात घालतात. तुम्ही तर भांडंच दिलं नाहीत. पिशवी दिलीत, ती फेकली आणि विषय संपला. परत यायला त्यांच्याकडे निमित्तच उरलं नाही.

म्हणून मी आता आख्खा ब्रेड नव्या घरात देतच नाही. चार काप, स्टीलच्या डब्यात. एवढ्याने कोणाला ओझं होत नाही, एका नाश्त्यात संपतात आणि डबा परत करायला कोणीतरी येतंच. माझा डबा कधी सांभारवडी घेऊन आला, कधी नुसती दोन संत्री घेऊन. एकदा पोट्ट्याच्या हाती रिकामा आला आणि मागोमाग त्याची आई धावत आली, "अहो ताई, यानं तसाच आणला जी," म्हणत. ती दहा मिनिटं दारात उभी राहून बोलली. आमची ओळख तिथून झाली. चार काप तर तिच्या मुलाने केव्हाच संपवले होते.

त्याच्याही आधी एक काम करा, विचित्र वाटलं तरी. शेजाऱ्याकडे काही न्यायच्या आधी काही मागायला जा. माझा पहिला खरा शेजार ब्रेडने जोडलाच नाही, विरजणाने जोडला. मे महिना होता, फ्रिज बंद पडलेला, दही आंबून फसफसलेलं. रात्री नऊला वाटी घेऊन वरच्या मजल्यावर गेले. विरजण देता देता वहिनी म्हणाल्या, "तुमच्या ओट्यावर ती बरणी कशाची असते जी? खिडकीतून दिसते." मी म्हटलं, "पिठाचं विरजण आहे." त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही. ज्या घरात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील होते, त्या घराला पीठ आंबवण्याचं कौतुक काय सांगायचं? सॉरडो म्हटलं की ते कुठलं तरी परदेशी, महागडं प्रकरण होतं. पिठाचं विरजण म्हटलं की ते त्यांचंच असतं. शिवाय जो आधी मागतो त्याच्याकडून घ्यायला माणसाला संकोच वाटत नाही. तुम्ही पाच घरांत देणारी म्हणून गेलात, त्यामुळे ती पाचही घरं तुमच्यापुढे थोडी अवघडली असणार.

आता ब्रेडबद्दल. डब्यात अर्धा दिसला म्हणजे अर्धा तरी खाल्ला गेला, हे आधी लक्षात घ्या. उरलेला का फेकला याची माझ्या अनुभवात तीन कारणं असतात.

पहिलं म्हणजे आंबटपणा. अंबाडीची भाजी मिटक्या मारत खाणारे आपण, आंबटाचं आपल्याला वावडं नाही. पण भाजी आंबट असली तर ती चव असते आणि पोळी किंवा ब्रेड आंबट लागला की तो उतरलेला असतो. अन्न उतरलंय हे आपलं नाक पहिलं ओळखतं, आणि नाकाशी वाद घालता येत नाही. दुसरं कारण कवच. आपल्याला कुरकुरीत, टणक कवचाचा अभिमान, तर कवळी लावणाऱ्या आजोबांना तोच ब्रेड म्हणजे शिक्षा. तिसरं साधं आहे: कशाशी खायचा हे कोणी सांगितलंच नाही. माझ्या गल्लीत हा ब्रेड खरा रुळला तो तर्रीमुळे. रविवारी एका घरी तर्री-पोहे होते. तर्री उरली, पोहे संपले, आणि कोणीतरी माझा ब्रेड त्यात बुडवला. जाळीदार ब्रेड तर्री कसा पितो ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून डबा देताना मी एवढंच म्हणते: तव्यावर तूप सोडून शेका आणि झुणक्याशी किंवा सावजी रश्श्याशी खा. अ‍ॅव्होकॅडोचं नाव काढू नका.

पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी माझा ब्रेड वेगळा असतो. तो लोखंडी भांड्यातला गोल नव्हे, टिनमधला असतो. साठ टक्के मैदा, चाळीस टक्के गिरणीची कणीक, पाण्याचा थोडा भाग दुधाने भरलेला आणि दोन चमचे तेल. निघाल्याबरोबर सुती पंच्यात गुंडाळून ठेवते, म्हणजे वाफेने कवच मऊ पडतं. पूर्ण गार झाल्याशिवाय कापत नाही, नाहीतर आतून चिकट लागतो आणि लोक म्हणतात कच्चा राहिला. तुम्ही शंभर टक्के कणकेचा करत असाल तर तो स्वतःसाठी ठेवा. ज्यांना चव लागली ते पुढे आपणहून मागतात.

आंबटपणाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण नागपुरात त्याचं मूळ हवेत आहे. परदेशी व्हिडिओतली वेळापत्रकं इथे लागू पडत नाहीत. मे महिन्यात बाहेर पारा 45 ओलांडतो आणि कूलर चालू असला तरी स्वयंपाकघर 36 च्या खाली येत नाही. पिठातलं यीस्ट साधारण 27-28 अंशांना खूश असतं आणि 35 च्या पुढे ढेपाळतं. आंबटपणा आणणारे जिवाणू त्याहून जास्त उष्णता सहन करतात. परिणाम असा की उन्हाळ्यात पीठ धड फुगायच्या आधी आंबून बसतं. ब्रेड चपटा होतो, वर आंबट. तुमचे ते पाच ब्रेड एप्रिल-मेमधले असतील तर मला फारसं आश्चर्य वाटणार नाही.

यावरचा हिशोब सोपा आहे. मळून झालेलं पीठ 25 अंशांवर हवं असेल तर पीठ, खोली आणि पाणी या तिघांच्या तापमानाची बेरीज 75 यायला हवी. मे महिन्यात पीठ 36, खोली 36, म्हणजे पाण्यासाठी उरले 3. बर्फाचंच पाणी घ्यावं लागतं. मी तर आदल्या रात्री पीठही फ्रिजमध्ये ठेवते, मग पाण्याची ओढाताण कमी होते. गिरणीतून आलेलं गरम दळण लगेच कधीच वापरत नाही. विरजणाचं प्रमाण हिवाळ्यात पिठाच्या वीस टक्के घेते, उन्हाळ्यात पाच ते आठ. त्याला खाऊ घालतानाही, म्हणजे ताजं पीठ-पाणी देतानाही, उन्हाळ्यात एकास पाच पीठ आणि पाच पाणी, नाहीतर दोन-तीन तासांत फुगून खाली बसतं आणि आंबट वास मारू लागतं. रात्री दहाला भिजवायचं, तासा-दीड तासात तीन-चारदा घड्या घालायच्या, दीडपट झालं की झोपायच्या आधी फ्रिजमध्ये, आणि पहाटे उन्हं तापायच्या आत भाजायचं. दुप्पट व्हायची वाट पाहू नका, फ्रिजमध्ये गार होईपर्यंत ते फुगतच राहतं. जानेवारीत उलटं. रात्री ओट्यावर 15-16 अंश असतात, तेव्हा हेच पीठ दहा-बारा तास घेतं आणि निवांत झोपू देतं. माझ्या हातचा सर्वांत चांगला ब्रेड दरवर्षी संक्रांतीच्या आसपास निघतो. ओळखी करायला तोच हंगाम निवडा म्हणेन. तिळगूळ वाटायला दारोदार जायचंच असतं.

पिठाबद्दल एकच सांगते. गिरणीच्या कणकेत दळताना स्टार्च बराच तुटतो, त्यामुळे ती पाणी जास्त पिते आणि आंबवल्यावर लवकर चिकट होते. सैल पिठाला घाबरत असाल तर आपल्याकडची लांब पोळी करणाऱ्या बाया पाहा. लोकवन गव्हाचं पीठ, त्यात एवढं पाणी की ते हातातून ओघळावं, आणि आपटून आपटून आणलेली तार. कोपरापर्यंत ताणून ते उपड्या मडक्यावर टाकतात आणि फाटत नाही. पिठाची तार म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलं नाही, ते तिथे उभं राहून कळलं.

आता काका. इथे मी स्वतः एकदा चुकलेय, म्हणून थोडं कडक लिहिते. आमच्या गल्लीतल्या एका आजींना मी असंच म्हटलं होतं, "आजी, हा आंबवलेला आहे, शुगरला चांगला." आजींनी पोळी बंद करून सकाळ-संध्याकाळ ब्रेडच खायला सुरुवात केली, चार-चार काप. पंधरा दिवसांनी तपासणीत साखर वाढलेली निघाली. त्यांचा मुलगा मला काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

खरं काय आहे ते असं. आंबवण्याने तयार झालेल्या आम्लांमुळे स्टार्चचं पचन थोडं संथ होतं, त्यामुळे साध्या पांढऱ्या ब्रेडच्या तुलनेत साखर काहीशी हळू चढते. हे 'च्या तुलनेत' फार महत्त्वाचं आहे. अर्धा किलो पिठाचा ब्रेड घ्या, त्याचे सोळा काप करा. एका कापात तीस-बत्तीस ग्रॅम पीठ येतं, म्हणजे जवळपास एक मध्यम पोळी. चार काप म्हणजे चार पोळ्या. आंबवल्याने पीठ नाहीसं होत नाही. आणि माझ्या 'पहिल्यांदा' वाल्या ब्रेडमध्ये तर साठ टक्के मैदा असतो. तेव्हा काकांकडे जा आणि सांगा: पोळीच्या जागी एखादा काप, पोळीवर जास्तीचा नाही, आणि नेहमीच्या डॉक्टरांना विचारून. 'चालतो' हा शब्द परत घ्या. परत घ्यायला गेलात की दोन शब्द बोलणंही होईल.

मिठाकडेही लक्ष असू द्या, याकडे कोणी बघत नाही. ब्रेडला पिठाच्या दोन टक्के मीठ लागतं. अर्ध्या किलोला दहा ग्रॅम, म्हणजे कापामागे सहाशे मिलिग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. पोळीत आपण मीठ नावापुरतं घालतो, कित्येक घरांत घालतच नाही. म्हणजे बीपीवाल्या माणसाने पोळी सोडून ब्रेड धरला तर त्याचं मीठ वाढतं. मी ज्येष्ठांच्या ब्रेडमध्ये दीड टक्क्यावर येते. त्याखाली गेलं की पीठ ढिलं पडतं आणि चव पुचाट लागते.

आणखी एक धोक्याची गोष्ट. "सॉरडो गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनाही चालतो" असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. ओळखीतल्या एका मुलीला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार. तिची आई हेच ऐकून माझ्याकडे आली होती आणि मीही क्षणभर डगमगले होते. नाही, चालत नाही. आंबवण्याने ग्लुटेनचा काही भाग तुटतो, सगळा नाही. ग्लुटेनमुक्त म्हणायचं तर किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आत लागतं, घरचा गव्हाचा ब्रेड त्याच्या जवळपासही जात नाही. तिला ज्वारीची भाकरी द्या, तुमच्या ब्रेडचा चुरासुद्धा नको. आतून 96-97 अंशांपर्यंत भाजलेल्या ब्रेडमध्ये जिवंत जिवाणू उरत नाहीत, त्यामुळे "पोटाला दह्यासारखा" असंही म्हणू नका.

मग चांगलं काहीच नाही का? आहे. कोंड्यात फायटिक आम्ल असतं, ते लोह आणि जस्त बांधून ठेवतं. पीठ आंबट झालं की गव्हातलंच एक विकर जागं होऊन ते तोडतं, म्हणून कणकेचा ब्रेड लांब आंबवण्याला अर्थ आहे. गव्हातल्या फ्रुक्टॅन या कर्बोदकाचा काही भागही आंबवताना संपतो, त्यामुळे पोळीने ज्यांचं पोट फुगतं त्यांच्यापैकी काहींना हा ब्रेड हलका वाटतो. काहींना वाटत नाही. प्रत्येकाच्या पोटाचं वेगळं, तिथे मी पैज लावत नाही. दारात उभं राहून हे सगळं सांगूही नका. डब्यावर छोटी चिठ्ठी पुरते: गहू, मैदा, दूध, मीठ, भाजल्याची तारीख. तीळ घातले असतील तर तेही. इतवारीतल्या माझ्या एका जैन मैत्रिणीला रात्रभर आंबवलेलं चालत नाही. तिला ते विचारायला मला चार वर्षं लागली आणि तोवर ती बिचारी माझा ब्रेड हसतमुखाने घेऊन कामवाल्या मावशींना देत होती. विचारून द्या. चतुर्थी-एकादशीही बघून द्या.

टिकण्याचं म्हणाल तर उन्हाळ्यात कापलेला ब्रेड दिवसात वाळून खडंग होतो, पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. बुरशी दिसली तर तेवढाच भाग काढून खाऊ नका असं सांगा, आख्खा टाकायचा.

माणसं जोडली जातात का, या प्रश्नावर मला सरळ हो म्हणता येत नाही. बरंच तुमच्या स्कीमवर अवलंबून आहे. निम्मे फ्लॅट भाड्याचे असतील आणि माणसं दर अकरा महिन्यांनी बदलत असतील तर वेळ लागेल. सगळे नोकरीला जाणारे असतील तर दुपारी दार वाजवून उपयोग नाही, शनिवारी संध्याकाळी जा. आमच्याकडे फरक पडला तो ब्रेड वाटल्याने नाही, विरजण वाटल्याने. ब्रेड खाऊन संपतो. विरजण घरात राहतं, मरायला टेकतं, आणि मग माणूस विचारायला येतो. मी तीस ग्रॅम छोट्या बरणीत देते. ब्रेडच करा असा आग्रह नसतो, बहुतेकजणी त्याची धिरडी करतात. नऊ घरांत दिलं होतं, त्यातल्या सहा ठिकाणी मेलं. त्या सहाजणी पुन्हा मागायला आल्या, त्यातल्या दोघी आता माझ्यापेक्षा बरा ब्रेड करतात आणि एकीने तर माझंच विरजण मला परत दिलं, मी गावाला गेले असताना भावाने बरणी धुऊन ठेवली होती तेव्हा.

आमच्या लहानपणी दिवाळीआधी मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजून घ्यायला जायचो. आपल्या ट्रेवर नजर ठेवत तासन्‌तास रांग. महाल भागातल्या अर्ध्या बाया एकमेकींना त्या रांगेतून ओळखायच्या. तुमच्याकडे ओव्हन आहे, स्कीममध्ये बहुतेकांकडे नसेल. महिन्यातून एका शनिवारी तो दोन तास त्यांच्यासाठी मोकळा ठेवून बघा. ज्याने त्याने आपापला टिन आणावा. विजेचं काय ते नंतर बघू, मागायला लाज वाटली तर नाही मागितलं तरी चालेल.

पैसे घ्यायचे का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढच्या वर्षी विचाराल. नेमाने विकायला लागलात की एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी घ्यावी लागते, ऑनलाइन होते. तोवर पैसे नकोत. आणि विकायला लागलात तरी डब्यातले चार काप बंद करू नका, दोन्ही हिशोब वेगळे ठेवा.

ज्या घराच्या डब्यात ब्रेड दिसला, त्या घरी आधी जा. ब्रेडचा विषय काढायचा नाही. रिकामी वाटी न्या आणि विरजण मागा. संक्रांतीपर्यंत थांबायची गरज नाही, उद्याही दही लागतंच ना.